लघाटे सरांचं नेटवर्क

सरकारी खरेदीत सामान नेहमी उशिरा येतं, किस्से मात्र ॲडव्हान्समध्ये डिलिव्हर होतात! आमच्या युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये माझी अर्धी नोकरी गेली, पण एका नेटवर्कच्या खरेदीने जेवढे किस्से दिले, तेवढे बाकीच्या सगळ्या वर्षांनी मिळून दिले नाहीत. परवा ग्वाल्हेरला, थाटीपुरात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. एक किस्सा सांगायला गेले तर बायका उठायचं नाव घेईनात. चहा दोनदा झाला. पुण्याची नणंद आलेली होती, ती एरवी माझ्या 'लाइट चालली गेली'सारख्या ग्वाल्हेरी मराठीला नाक मुरडते, तीसुद्धा म्हणाली, "वहिनी, पुढचा सांग ना!" म्हटलं, आता एकदा लिहूनच काढावं.

आधी लघाटे सर. आमचे डायरेक्टर. मूळचे फिजिक्सचे, लहानपण इथल्याच गोरखीजवळ गेलेलं. घरी मराठी, ऑफिसात हिंदी आणि राग आला की इंग्रजी. हे नेटवर्क त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका मुलीमुळे. श्योपुरहून आली होती बिचारी, मायग्रेशन सर्टिफिकेट घ्यायला. परीक्षा विभाग म्हणे, रेकॉर्ड लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर आहे. लायब्ररी म्हणे, पेनड्राइव्ह आणा. ती पोर भर जूनच्या उन्हात पेनड्राइव्ह मुठीत धरून या इमारतीतून त्या इमारतीत फिरली आणि तिची शेवटची बस चुकली. सरांनी तिला घरी नेलं, काकूंनी जेवायला घातलं, तिच्या वडिलांना फोन लावून दिला. दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "रेखा, सगळी युनिव्हर्सिटी एका तारेने जोडायची. मी रिटायर व्हायच्या आत."

सर रिटायर होणार होते डिसेंबरअखेर. त्यांच्यानंतर सिनिऑरिटीने खुर्ची जाणार होती शारीरिक शिक्षणाच्या तोमर सरांकडे. माणूस दिलदार, पण नेटवर्कचं नाव काढलं की खिशातून फोन काढून दाखवायचे. "सबके पास मोबाइल है, लघाटेजी! तार किसलिए?" म्हणजे डिसेंबरच्या आत झालं तर झालं, नाहीतर सगळं सामान गोदामात धूळ खाणार. हे सरांनाही माहीत होतं आणि मलाही.

*

तर खरेदी समिती बसली. आमच्याकडे नियम असा, की समितीत एक सदस्य असा पाहिजे ज्याचा त्या वस्तूशी काडीचा संबंध नाही. निष्पक्षपणा राहावा म्हणून! आमच्या वाट्याला आल्या बॉटनीच्या सक्सेना मॅडम. शिस्तीच्या बाई. म्हणाल्या, "सैंपल देखे बिना मैं दस्तखत नहीं करूँगी." आम्ही तीन कंपन्यांच्या फायबर केबलचे हात-हातभर तुकडे त्यांच्याकडे पाठवून दिले.

पुढच्या मीटिंगला मॅडम आल्या त्या मायक्रोस्कोप घेऊन! तिन्ही केबलींचा ब्लेडने आडवा छेद घेतलेला, काचेच्या स्लाइडवर मांडलेला. सोबत पेन्सिलने काढलेली सुरेख आकृती, बाण काढून नावं दिलेली. सर वाकून बघतात तर केबलच्या बाहेरच्या काळ्या प्लॅस्टिकला मॅडमनी लिहिलं होतं 'छाल'. आणि एका कंपनीच्या केबलखाली शेरा, 'अभी कच्ची है.'

मी रुमाल तोंडात कोंबून बाहेर पळाले. सरांनी मात्र ती आकृती जशीच्या तशी फाइलला लावली. पुढे ऑडिटवाले साहेब आले. जाड फाइल, ते पानं उलटतायत, कपाळावर आठ्या. त्या आकृतीशी आल्यावर थांबले, चष्मा वर केला आणि पहिल्यांदा हसले. "ये हुई न बात! बाकी सब भी ऐसे ही समझाया कीजिए."

*

मग टेंडर उघडायचा दिवस. तीन पार्ट्या. नया बाजारातले गुप्ताजी, त्यांचा मुलगा आणि त्यांची सून नेहा. कागदावर तीन वेगळ्या फर्म, राहायला एकाच घरात! आम्ही काही आंधळे नव्हतो, पण कागद चोख होते. रीत अशी असायची, की कुणाचा दर कमी ठेवायचा हे घरी पंगतीत ठरायचं आणि मग तिघं तीन बंद पाकिटं घेऊन इथे यायचे.

या वेळी पाकिटं फुटली आणि गुप्ताजींचा चेहरा पडला. सुनेचा दर सगळ्यात खाली. तोही थोडाथोडका नाही, चांगला सणसणीत खाली! मुलगा एकदम पंख्याकडे बघायला लागला.

"बहू," गुप्ताजी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ये घर पे तय हुआ था क्या?"

नेहाने डोक्यावरचा पदर नीट केला. आता आमच्यात सगळ्यात कमी दरवाल्याला 'एल-वन' म्हणतात, आणि ऑर्डर त्यालाच जाते. ती अगदी नम्रपणे म्हणाली, "पापाजी, घर में आप बड़े हैं. यहाँ मैं एल-वन हूँ."

सरांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. गुप्ताजींनी घेतला नाही. पण माणूस खानदानी बरं का! ऑर्डर सुनेला गेली तशी तिच्या मालाची देखरेख करायला रोज स्वतः यायला लागले, आणि कुणी विचारलं की छाती काढून सांगायचे, "एल-वन हमारे घर की है."

*

माल दिल्लीहून निघाला. सर खूश. मी खूश. ट्रक गेटवर आला आणि आमचे स्टोअरवाले तिवारीजी हात आडवे करून उभे राहिले.

"नहीं उतरेगा."

"का हो?"

"मैडम, श्राद्ध चल रहे हैं. नई चीज़ अंदर नहीं आएगी."

पितृपक्ष! माझ्या लक्षातच नव्हतं. आता यावर मी काय बोलणार, आमच्याही घरी त्या दिवसांत साधा झाडू आणत नाहीत. पण ड्रायव्हर म्हणे, माल उतरवा नाहीतर मी चाललो, पुढची फेरी दिवाळीनंतर. दिवाळीनंतर म्हणजे संपलंच की! माझं डोकं असं तापलं की मी तिवारीजींना नाही नाही ते बोलले. ते शांत. धर्मापुढे मी कोण?

सर उन्हात बाहेर आले. मग गंभीर आवाजात म्हणाले, "तिवारीजी, अपना पुराना वाला राउटर याद है?"

"जो बिजली गिरने से जल गया था? याद है साहब. बड़ा अच्छा चलता था."

"ये सब उसी के नाम का है."

तिवारीजी विचारात पडले. त्यांनी टोपी काढली. ड्रायव्हरनेसुद्धा काही न कळता हात जोडले. मग तिवारीजींनी हळूच विचारलं, "तिथि कौन सी थी?"

सरांची पापणी लवली नाही. "तिथि तो याद नहीं. सर्वपित्री में ले लीजिए."

गेट उघडलं. खोके एकेक करून आत गेले, आणि तिवारीजींनी सगळे दक्षिणेकडे तोंड करून ठेवले.

*

मग आला दसरा. पितृपक्षात माल आत घेतल्याची तिवारीजींच्या मनाला टोचणी लागली होती, तिची भरपाई त्यांनी दसऱ्याला केली. टेस्टिंगसाठी आम्ही खोके उघडून ठेवले होते. सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांनी नेटवर्कच्या एकूण एक डब्याची पूजा केली. कुंकू, फूल, अक्षता. आणि पूजा यथासांग व्हावी म्हणून प्रत्येक पोर्टमध्ये, म्हणजे जिथे केबलचं टोक खोचतात त्या प्रत्येक भोकात, चिमूट चिमूट तांदूळ!

सुट्टीनंतर नेहाचा इंजिनियर इमरान टेस्टिंगला बसला. एकही डबा धड बोलेना. त्याने टॉर्च मारून बघितलं आणि माझ्याकडे वळला. "मैडम, इसमें चावल है."

"चावल?"

"भीगा हुआ. हल्दी भी है."

मी जी भडकले! तिवारीजी हात बांधून उभे. "मैडम, पूजा ही तो की है, चोरी थोड़े ही की है." आता कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावणं भाग होतं. स्पीकरवर लावला. पलीकडची मुलगी ठरलेले प्रश्न विचारत गेली. डबा पडला का? पाणी सांडलं का? पोर्टमध्ये काही घातलं होतं का? मी खुणेने नको नको करतेय तोवर तिवारीजी पुढे झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जी हाँ. अक्षत."

मी डोळे मिटले. वॉरंटी बुडाली! पण ती मुलगी क्षणभरसुद्धा थांबली नाही. "ठीक है सर. अक्षत निकालकर रीस्टार्ट कीजिए."

म्हणजे आमच्या आधी कुणीतरी हे करून बसलं होतं! पुढे दोन दिवस इमरान, मी आणि माझा भुवया कोरायचा चिमटा, असे तिघं तांदूळ वेचत बसलो होतो.

*

नोव्हेंबरात खोदकाम सुरू झालं. नेमका रस्ता तोमर सरांच्या ग्राउंडच्या कडेने जाणारा. तिथून रजिस्ट्रारच्या ऑफिसापर्यंत जमिनीखालून मोठा पाइप टाकला होता, त्यातून केबल ओढायची होती. पाइपचं ग्राउंडकडचं तोंड उघडंच होतं.

त्यात इंटर-कॉलेज मॅच! तोमर सर अंपायर. एका पोराने जोरात फटका मारला, बॉल सुटला, चरात पडला आणि घरंगळत थेट पाइपात. फील्डर पालथे पडून पाइपात हात घालतायत, बॅट्समन पळतायत, सगळे ओरडतायत. बॉल दिसतोय पण हाती लागत नाही, मग 'लॉस्ट बॉल' कसा द्यायचा? शेवटी पळून पळून बॅट्समनलाच चक्कर आली आणि तो मधेच बसला.

पुढच्या आठवड्यात इमरानने केबल ओढण्यासाठी पाइपातून लांब सळई सरकवली. दुसऱ्या टोकाला रजिस्ट्रार साहेब कौतुकाने वाकून उभे होते. फट्! पाइपातून लालभडक बॉल निघाला तो त्यांच्या बुटांवर.

आता तारेतून माहिती तुकड्या-तुकड्यांनी जाते, त्या तुकड्याला आमच्यात 'पॅकेट' म्हणतात. लघाटे सरांनी तो बॉल उचलला, रुमालाने पुसला. "रेखा, आपल्या नेटवर्कवरून गेलेलं पहिलं पॅकेट. उशिरा पोचलं, पण पोचलं!" मी किती दिवसांनी त्यांना असं हसताना बघत होते. तेवढ्यात तोमर सर बॉल न्यायला आले. त्यांनी पाइपाचं तोंड बघितलं, बॉल बघितला आणि म्हणाले, "देखा लघाटेजी? तार की क्या ज़रूरत, पाइप ही काफी है!"

*

आता शेवटचा सांगते.

नेटवर्कचा सगळ्यात मोठा डबा, ज्यावर बाकीचे सगळे चालतात, त्याला एसीची खोली लागते. आम्ही एसी मागून मागून थकलो, मंजूर होईना. साऱ्या युनिव्हर्सिटीत रात्रंदिवस एसी चालणारी, मोकळी जागा असलेली खोली एकच, संगीत विभागात. जुने तानपुरे उन्हाळ्यात तडकतात म्हणून तिथे एसी! तेव्हा आमचा डबा बसला तानपुऱ्यांच्या खोलीत. आणि ती खोली कुमुदताईंची.

कुमुदताई संगीत विभागाच्या प्रमुख. कडक कांजीची सुती साडी, आवाज मऊ, पण शब्द खाली पडू देणार नाहीत. अर्ध्या ग्वाल्हेरच्या मुली त्यांच्याकडे गाणं शिकल्या, आमच्या कुलगुरूंच्या दोन्ही मुलीसुद्धा. ताई कुणाशीही मराठीतच बोलतात आणि समोरच्याला ते निमूट समजावं लागतं. डिसेंबरात सगळी कामं उरकली, सगळ्या विभागप्रमुखांनी काम पसंत असल्याची सही केली. ताईंनी केली नाही.

"लघाटे, तुमचं यंत्र घेऊन जा."

"ताई, त्यातल्या पंख्यांचा आवाज फार होतोय का?"

"आवाजाला माझी ना नाही हो. बेसूर आवाज आहे. ना धड काळी चार, ना पांढरी सहा, मधेच लोंबकळतंय! माझे तानपुरे बिघडतील."

"ताई, तानपुरे कसे बिघडतील?"

"संगतीने."

सर ऑफिसात परत आले ते जेवणाचा डबा न उघडताच बसून राहिले. थंडी मी म्हणत होती, खिडकीबाहेर धुकं, आणि ते म्हणाले, "राहिलं बहुतेक, रेखा." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. मला रडूच यायला लागलं, आणि मला रडू आलं की पाठोपाठ राग येतो! तशीच तणतणत ताईंकडे गेले. भांडायलाच गेले होते. पण त्यांनी आधी हातावर मुरैन्याची तिळाची गजक ठेवली. गजक खाताना भांडता येत नाही. मग मी विचारलं, "ताई, सुरात आणलं तर?"

त्या पुढे वाकल्या. "येईल?"

मी इमरानला फोन लावला. "पंखे की स्पीड कम-ज़्यादा होती है क्या?" "होती है मैडम, सॉफ्टवेयर से." झालं तर मग!

दुसऱ्या दिवशी दुपारी तानपुऱ्यांच्या खोलीत बैठक बसली. इमरान सतरंजीवर लॅपटॉप घेऊन, समोर ताई तानपुरा लावून, भिंतीशी सर. ताई डोळे मिटून सांगायच्या, "श्रुतीभर वर." इमरान सरांकडे बघायचा. सर फिजिक्सवाले, ते अंदाज करून त्याला टक्क्यांत सांगायचे. "नाही, चढलं. अंमळ खाली. उतरलं! केसभर वर." इमरानला एसीत घाम फुटला. "सर, बाल भर कितना होता है?" चहा आला, गार झाला. कितीतरी वेळाने ताईंनी एकदम हात वर केला. "हां! तिथेच. आता हात काढ." आणि त्यांनी त्यावर एक सा लावला. इमरानने अंगावर आलेला काटा मला बाही वर करून दाखवला.

ताईंनी सही केली. सगळी युनिव्हर्सिटी जोडली गेली, टेस्टिंगमध्ये दणक्यात चालायला लागली. फक्त कुलगुरूंच्या हस्ते रीतसर उद्घाटन राहिलं होतं. पण तोमर सरांनी त्यांच्या कानाला लागून सांगितलं, "सर, नए साल में आराम से देखेंगे. तब तक बंद रखते हैं." आणि कुलगुरू 'हूँ' म्हणाले. सरांच्या कानावर ते निरोप समारंभाच्या दिवशी सकाळी आलं. कोटाचं बटण त्यांना लागेना, ते मी लावून दिलं.

समारंभ होता संगीत विभागाच्या हॉलमध्ये, तानपुऱ्यांच्या खोलीला लागूनच. सरांच्या गळ्यात हार. काकू पहिल्या रांगेत. कुलगुरू मधोमध, शेजारी तोमर सर. ताईंच्या मुली गायला उभ्या राहिल्या. मी बघतेय तर तानपुरा आणलेलाच नाही! ताईंनी फक्त मधलं दार उघडं ठेवलं होतं. मुलींनी डोळे मिटले, जरा कान दिला आणि गाणं सुरू केलं. हॉल भरून गेला.

पहिला अंतरा झाला असेल नसेल, कुलगुरूंनी कपाळाला आठ्या घातल्या. "ये घूँ-घूँ कैसी है?"

तोमर सर ताडकन उठले. "अभी बंद करता हूँ सर! वैसे भी कल से बंद ही रखना है." आत गेले आणि बटण दाबलं.

मुली ओळीच्या मधेच थांबल्या. सगळ्याच्या सगळ्या, एकदम. सर मान खाली घालून हाराची फुलं चाचपत बसले होते.

ताईंनी डोळे उघडले.

"सा कुणी बंद केला?"

तोमर सर दारातच उभे, बाहेरही येईनात आणि आतही जाईनात. ताईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बघितलं कुलगुरूंकडे, आणि नुसतंच बघत राहिल्या. कुलगुरू उठले. शाल सावरत स्वतः आत गेले, वाकले आणि बटण दाबलं. फोटोग्राफरने सवयीने फ्लॅश मारला.

पंखे आधी नुसते ओरडले. मग हळूहळू खाली यायला लागले. सगळा हॉल मान तिरकी करून ऐकत बसला होता, काकूसुद्धा, इमरानसुद्धा.

"आला," ताई म्हणाल्या, आणि मुलींकडे वळायच्या आधी कुलगुरूंना म्हणाल्या, "आता याला परत कुणी हात लावायचा नाही."

"जी, ताई," कुलगुरू म्हणाले.